परत केलेले बावीस हजार

वाचकहो, 'क्लब' हा शब्द कानावर पडला की आपल्या भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, ते तुम्हांला सांगायला नको. एसटी स्टँडामागची पत्र्याची खोली, दाराला मळका पडदा, आत विडीचा धूर आणि कोंडाळे करून पत्ते पिसत बसलेली माणसे! त्यामुळे सतरा-अठरा वर्षांपूर्वी एके संध्याकाळी घरी येऊन मी सांगितले, की आजपासून मी क्लबाचा सभासद झालो, तेव्हा माझ्या आईने हातातले सूप खाली ठेवले. म्हणाली, "तुझ्या बापानं जन्मात कधी पत्त्याला हात लावला न्हाई, आन् तू सायेब होऊन पत्तं कुटाया निगालास?"

तिची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. पुढे दोन वर्षांनी क्लबाच्या नेत्रशिबिरात तिच्या मोतीबिंदूचे निदान झाले, शस्त्रक्रिया झाली, सुईत दोरा ओवता येऊ लागला, तेव्हा कुठे तिने शेरा दिला, "ह्यो किलब बरा हाय."

त्या क्लबाविषयी आज लिहायचे आहे. नुसते गुणगान लिहिले तर तुम्ही पान उलटाल, आणि तुमचे काही चुकणारही नाही. हारतुरे, सत्कार आणि फोटो यांच्या बातम्या तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील. म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. तीत चूक झाली, आणि त्या चुकीत माझाही वाटा होता.

आधी थोडे मूळ सांगितले पाहिजे. सेवाभावी क्लबांची प्रथा आपल्याकडे आली ती परदेशांतून. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने १९०५ साली शिकागो शहरात तीन मित्रांना घेऊन पहिली बैठक भरवली. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून नाव पडले रोटरी. पुढे १९१७ साली त्याच शहरातल्या मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने लायन्स क्लब उभे राहिले. १९२५ साली अंध-बधिर विदुषी हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात आंधळ्यांसाठी कामाला लागा असे आवाहन केले, तेव्हापासून नेत्रशिबिर आणि लायन्स ही जोडी ठरून गेली. रोटरीने १९८५ साली पोलिओ हटवण्याचा विडा उचलला. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यामागे सरकारी यंत्रणा होती, तशी रविवारी बूथवर बसून बाळांना दोन थेंब पाजणारी लाखो बिनपगारी माणसेही होती.

पण यात आपल्याला नवे असे काही नाही. कुणाची नांगरट अडली, की शेजारपाजारचे आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या रानात उतरायचे, संध्याकाळी त्याच्याकडे जेवायचे आणि घरी जायचे. याला आपण इर्जिक म्हणतो. क्लब म्हणजे तालुक्याच्या गावातल्या दुकानदार, डॉक्टर, मास्तर मंडळींची इर्जिकच समजा.

साताऱ्याच्या पूर्वेला, माणदेशाच्या अंगाला असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावातला हा क्लब रोटरीची शाखा नव्हे आणि लायन्सचीही नव्हे. त्यांचे पाहून इथल्याच माणसांनी काढलेला आहे. सभासद तीस-पस्तीस. दर महिन्याला एक घडीचे वार्तापत्र निघते. पहिल्या पानावर 'निधी', आत 'उपक्रम', आणि शेवटच्या पानावर 'सभासद वार्ता'. कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, कुणाला नातू झाला, कुणाचा पाय मोडला, कोण देवाघरी गेले. मी ते नेहमी शेवटाकडून वाचतो. निधी आणि उपक्रम ज्यांच्या जिवावर चालतात, ती माणसे कशी आहेत हे आधी कळलेले बरे!

मला या क्लबात आणले ते माझ्या एका मित्राने. त्याचे मोटारी भरण्याचे दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली, की तालुक्यातला शेतकरी त्याच्याकडे धावतो. उन्हाळ्यात रात्री बारा वाजतासुद्धा तो तांब्याची तार गुंडाळत बसलेला दिसेल. उभे पीक वाळते आहे म्हटल्यावर त्याने कुणाला "उद्या या" म्हटल्याचे मला आठवत नाही. माझ्या धाकट्या मुलीच्या जन्माच्या वेळी बायकोला रक्ताची गरज पडली. रात्रीची वेळ, मी नोकरीनिमित्त नव्याने आलेला, ओळख ना पाळख. कुणीतरी याला उठवले. तो मोटारसायकलवरून सत्तर-ऐंशी किलोमीटर आला, रक्त दिले, चहा घेतला आणि पहाटे परत जाऊन दुकान उघडले. वाचकहो, अशा माणसाने "क्लबात या" म्हटल्यावर नाही कसे म्हणणार?

आता मुख्य गोष्ट. २०१८ साली पावसाने पाठ फिरवली. ३१ ऑक्टोबर रोजी शासनाने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्याकडे दिवाळीलाच टँकर सुरू झाले. तालुक्याच्या गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर एका गावात पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात गावकऱ्यांनीच माती वाहून तो बांधला. त्या वेळी पाट्या उचललेल्या म्हाताऱ्या अजून हयात आहेत. पण सत्तेचाळीस वर्षांत तलाव गाळाने भरला होता. पाऊस पडला तरी वर पाणी दिसायचे गुडघाभर, आणि खाली गाळ पुरुषभर. पाणी जिरायला वाव नाही, म्हणून खालच्या विहिरी संक्रांतीलाच तळ दाखवायच्या.

क्लबाने ठरवले, की हा गाळ काढायचा. यंत्राचे भाडे आणि डिझेल क्लबाने द्यायचे, गाळ वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याने स्वतःचा स्वतः करायचा. शासनाच्या २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतही वाहतूक शेतकऱ्याकडेच होती. रीतसर परवानगी घेतली. माझ्याकडे काम आले ते माती तपासण्याचे आणि मोजमापाचे.

हे मोजमाप तुम्हांलाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तलावातून एक ब्रास गाळ निघाला, की सुमारे २,८३० लिटर पाण्याला जागा होते. आणि एकरभर रानात एक इंच जाडीचा थर द्यायचा तर ३६ ब्रास गाळ लागतो. म्हणजे चार-सहा ट्रॉल्या टाकून "मी गाळ भरला" असे समाधान मानण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा दहा गुंठ्यांचा तुकडा नीट भरावा. गाळ टाकायचा तो मुरमाड, हलक्या रानात. भारी काळ्या रानात टाकलात तर निचरा बिघडेल. आधी गाळाचा नमुना तपासून घ्यावा. खारवट किंवा चोपण निघाला तर त्याला हात लावू नये. आणि गाळ म्हणजे शेणखत नव्हे. थर पसरून उन्हात तापू द्यावा, ढेकळे विरघळली की कुळवून मातीत मिसळावा, आणि शेणखत द्यायचे ते वेगळे द्यावेच.

आता निधीचे. आमच्या क्लबाची निधी जमवायची ठरलेली रीत म्हणजे स्मरणिका. पुढे संदेश आणि फोटो, मागे जाहिराती. पानाला दोन हजार रुपये. मी सरकारी नोकर. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी नोकराला परवानगीशिवाय वर्गणी मागता येत नाही, निधी जमवण्यात भागही घेता येत नाही. म्हणून पावतीपुस्तकाला मी कधी हात लावला नाही, आणि त्याबद्दल मला थोडा अभिमानही होता. जाहिराती गोळा करायचे काम माझ्या मित्राकडे होते. पंधरा दिवसांत त्याने खत-बियाण्यांच्या अकरा दुकानांच्या अकरा पानांचे बावीस हजार आणले. अडीच दिवस यंत्र चालेल एवढे डिझेल! सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मीही थोपटली.

एप्रिलच्या अखेरीस खरिपाआधीची दुकान-तपासणी सुरू झाली. माझ्याकडे खत निरीक्षकाचेही अधिकार होते. एका दुकानात गेलो. भावफलक कोरा, साठापुस्तकातल्या पिशव्या आणि गोदामातल्या पिशव्या यांचा मेळ बसेना. मी नोटीस लिहायला घेतली. दुकानदार घाबरला नाही. उलट हसला आणि गल्ल्याखालून आमची स्मरणिका काढून माझ्यापुढे उघडून ठेवली.

"साहेब, आपलं तर झालंय की. हे बघा आमचं पान."

"कसलं झालंय?"

"तुमच्या दोस्तांनी सांगितलं होतं. साहेबांचा क्लब आहे, मोकळ्या हातानं द्या, म्हणाले. दिलं."

मी पुढचे पान उलटले. तिथे माझा फोटो होता. खाली ठळक अक्षरांत 'तांत्रिक मार्गदर्शक' आणि माझा हुद्दा. वाचकहो, ते पान मी छापण्यापूर्वी पाहिले होते. कच्चे खर्डे माझ्याकडेच आले होते तपासायला. माझ्या हुद्द्यातली वेलांटी मी स्वतः दुरुस्त केली होती. आणि खरे सांगायचे तर फोटो पाहून मला बरे वाटले होते. पावतीपुस्तकाला मी हात लावला नव्हता, पण माझा हुद्दा मी त्यावर लावू दिला होता.

नोटीस मी दिली. पण सही करताना हात जड झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या रात्री जेवण गेले नाही. बायकोने काय झाले ते काढून घेतले.

"मग परत करायला सांगा की पैसे," ती म्हणाली.

"अक्षय तृतीयेला काम सुरू व्हायचंय. यंत्र ठरलंय. बावीस हजार कुठून आणायचे?"

"तो तलाव इतकी वर्षं थांबला, आणखी आठ दिवस थांबेल. तुम्ही उद्या दुसऱ्या दुकानात कुठल्या तोंडानं जाणार, ते आधी बघा."

शनिवारच्या बैठकीत मी विषय काढला. सगळे सांगून झाल्यावर खोलीत शांतता पसरली. मग एकेक बोलू लागले. कापडवाले शेठ म्हणाले, जाहिरात छापली, पैसे घेतले, यात गैर काय? डॉक्टर म्हणाले, साहेबांचे नाव पुढच्या वर्षीपासून काढू, यंदाचे राहू द्या. मित्र माझ्याकडे एकटक बघत होता. त्याचे बोलणे मला तसेच्या तसे आठवते.

"सायेब, त्यातला एक रुपया म्या घरी नेला असंल तर सांगा. समदा पैसा तळ्यात जाणार व्हता. शेतकऱ्याच्याच कामाला. ह्या दुकानदारांनी आजवर काय कमी कमवलं? दोन हजार दिलं तर काय त्यांची वाडी जळाली?"

मी म्हणालो, "तो दुकानदार ते दोन हजार कुठून भरून काढील? पिशवीतूनच. माझी नोटीस आपल्या अंगाला लागत नाही असं एकदा त्याला वाटलं, की मग पिशवीत काय भरलंय ते कोण बघणार? तळ्यातला गाळ आपण एकदा काढू, पण पिशवीतली भेसळ शेतकरी दर हंगामाला विकत घेईल."

तो म्हणाला, "तुमच्या नावाचा उपेग केला, चुकलं. पर चांगल्यापायी केला."

आमचे खजिनदार म्हणजे निवृत्त गुरुजी. दोन वह्या ठेवतात. एक सभासदांच्या वर्गणीची, तिच्यातून चहा, छपाई, हारतुरे. दुसरी लोकांकडून आलेल्या पैशांची. त्या वहीतून चहाचा कपसुद्धा घ्यायचा नाही, हा दंडक. लायन्स क्लबांतही अशीच दोन खाती वेगळी ठेवायची पद्धत आहे आणि गुरुजींनी ती तिथूनच उचलली. त्यांनी दुसरी वही उघडली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला एवढंच सांगा, हे बावीस हजार मी कशाखाली लिहू? देणगी म्हणून लिहू, तर त्यांनी खुशीनं दिलेले नाहीत. जाहिरात म्हणून लिहू, तर जाहिरातीसाठी दिलेले नाहीत. तिसरा रकाना माझ्या वहीत नाही."

कुणी काही बोलेना. मित्र उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "सायबांच्या मंडळीला म्या रक्त दिलं, गुरुजी, तवा ते कुठल्या रकान्यात लिवलं व्हतं?"

आणि निघून गेला. मी खाली मान घालून बसलो होतो. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

पैसे परत गेले. गुरुजी स्वतः अकरा दुकाने फिरले, प्रत्येकाकडून पोच घेतली. दोघे म्हणाले, राहू द्या, देणगी समजा. गुरुजी म्हणाले, "आधी हे घ्या. द्यायचंच असेल तर गावच्या देवळात येऊन चारचौघांसारखं द्या." त्यांतला एक पुढे खरोखरच आला आणि पाचशे एक रुपये देऊन गेला.

बावीस हजारांचा खड्डा मात्र पडला होता. तो भरला कुणी? त्या गावातल्या बचत गटांच्या बायकांनी देवळात बैठक बोलावली. मी भीत भीतच गेलो होतो. पैसे का कमी पडले, ते गुरुजींनी काही न लपवता सांगितले. मला वाटले, आता लोक नावे ठेवणार. पण गटाच्या अध्यक्षीण बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तळं आमच्या सासवांनी बांधलं. त्याचा गाळ काढाया परक्याच्या पैशाची वाट कशापायी बघायची? घरटी पन्नास रुपयं काढू." दुष्काळाचे साल, जनावरे छावणीत, हाताला काम नाही, आणि तरीही १४० घरांतून सात हजार जमले. काम सुरू करताना फोडायच्या नारळाचा सवाल धरला, त्यात ४,१०० आले. मुंबईत माथाडी काम करणाऱ्या गावच्या पोरांनी नऊ हजार पाठवले आणि कळवले, नावे छापू नका. राहिलेले १,९०० रुपये क्लबाच्या सभासदांनी वार्षिक जेवण रद्द करून भरले. जमा-खर्च रोज संध्याकाळी देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर गुरुजी खडूने लिहीत. डिझेल किती लिटर, दर काय, यंत्र किती तास चालले. शाळेची पोरे ते मोठ्याने वाचत आणि बेरीज चुकली तर ओरडत. असले हिशेब-तपासनीस कुणाला मिळणार?

अक्षय तृतीयेला नव्हे, त्यानंतर नवव्या दिवशी यंत्र तलावात उतरले. बायकोचा अंदाज एका दिवसाने चुकला.

बायकांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी आम्हां शहाण्यांच्या ध्यानात आली नव्हती. ज्याच्याकडे ट्रॅक्टर, त्याच्याच रानात गाळ जात होता. ज्याला भाडे परवडत नाही, त्याने नुसते बांधावर उभे राहून बघायचे. मग ठरले, की दर दहावी खेप अशा घरी टाकायची. एका विधवा बाईच्या बारा गुंठे मुरमाड रानात अशाच खेपांनी थर पडला. जिथे हुलगाही धड येत नसे, तिथे पुढच्या रब्बीत तिने शाळू घेतला. उलट माझे न ऐकता एकाने काळ्या रानात फूटभर गाळ ओतला. पावसाळ्यात तिथे पाणी साचून राहिले आणि त्याचे पीक पिवळे पडले. तो अजून मलाच दोष देतो.

त्या वर्षी ऑक्टोबरात परतीचा पाऊस धो धो कोसळला. राज्यात अनेकांच्या उभ्या पिकांची त्याने माती केली, ते दुःख विसरता येणार नाही. आमचा तलाव मात्र सांडव्याला लागला. खालच्या विहिरींना त्या साली गुढीपाडव्यापर्यंत पाणी राहिले. बारमाही झाले असे मी म्हणणार नाही. संक्रांतीचे पाडव्यावर गेले, एवढेच. पण ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्याला विचारा, ते दोन-अडीच महिने म्हणजे काय असतात.

त्या गटाच्या अध्यक्षीण बाई त्याच वर्षी क्लबाच्या सभासद झाल्या. लायन्सने स्त्रियांना १९८७ साली आणि रोटरीने १९८९ साली दार उघडले होते. आमच्या क्लबाला त्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. आता स्मरणिका बंद आहे. हुद्दा लावून कुणाचा फोटो छापला जात नाही. सगळा निधी देवळात, शाळेत, चारचौघांत जमतो. पूर्वीपेक्षा कमी जमतो, हेही सांगितले पाहिजे.

माझा मित्र मात्र परत आला नाही. त्याने राजीनामा दिला नाही, वर्गणी भरणे थांबवले. हळूहळू त्याचे नाव वार्तापत्रातून गेले. त्याच्या मुलाचे लग्न झाले, ती बातमी 'सभासद वार्ते'त आली नाही. मला पत्रिका आली होती. मी गेलो, अक्षता टाकल्या. त्याने "जेवून जावा" म्हटले, मी जेवलो. एवढेच.

२०२० च्या टाळेबंदीनंतर रक्तपेढ्यांत रक्ताचा तुटवडा पडला, तेव्हा क्लबाने रक्तदान शिबिर घेतले. रक्त देताना भिण्यासारखे काही नसते, हे जाता जाता सांगतो. वय अठरा ते पासष्ट, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा असले म्हणजे झाले. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. मी खाटेवर पडलो होतो. शेजारच्या खाटेवर कोण, म्हणून मान वळवली तर तो! रांगेत उभा राहून, फॉर्म भरून आलेला. दोघेही थोडा वेळ छताकडे बघत राहिलो.

मग तोच म्हणाला, "गुरुजींचा गुडघा कसा हाय आता?"

"बरा आहे. काठी घेऊन चालतात."

"मोटारीवर बसू नका म्हणावं इतक्यात."

तेवढेच बोलणे झाले. घरी येता येता माझ्या ध्यानात आले, की गुरुजींच्या गुडघ्याची बातमी त्याच महिन्याच्या 'सभासद वार्ते'त आली होती. म्हणजे वार्तापत्र तो अजून वाचतो!

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्या गावातही एखादे मंडळ असेल. तरुण मंडळ, भजनी मंडळ, बचत गट, नाव काहीही असो. लोकांच्या पैशाला हात लावण्यापूर्वी दोन वह्या घाला. पावतीला क्रमांक असू द्या. जमा-खर्च फळ्यावर लिहा, आणि पोरांना वाचू द्या. ज्याच्या हातात कुणाचे काम अडलेले आहे, त्याचे नाव पैसे मागताना घेऊ नका, मग तो मागणारा कितीही चांगला असो आणि काम कितीही चांगले असो. आमच्या इथे दोन्ही चांगले होते, म्हणूनच चूक लवकर कळली नाही. आणि चूक दाखवायची वेळ आली, तर ती दाखवताना त्या माणसाने पूर्वी काय काय केले आहे, तेही त्याच बैठकीत मोठ्याने सांगा. मी ते सांगितले नाही. विषय पैशांचा होता म्हणून पैशांपुरतेच बोललो. पैसे परत करण्यात माझे चुकले असे मला अजूनही वाटत नाही. पण ते चार शब्द मी बोलायला हवे होते.

शेवटी एक सभासद वार्ता. दर उन्हाळ्यात आम्ही तलावाचा थोडा थोडा गाळ काढतो. यंदाही काढला. दहाव्या खेपेचा गाळ ज्यांना परवडत नाही त्यांच्या रानात टाकण्यासाठी एक ट्रॅक्टर पाच दिवस राबला. त्याने भाडे घेतले नाही, डिझेलही स्वतःचे घातले. ट्रॅक्टर मोटारी भरणाऱ्या एका गृहस्थांचा होता. ते क्लबाचे सभासद नाहीत, त्यामुळे ही बातमी आमच्या वार्तापत्रात येऊ शकली नाही. म्हणून ती इथे दिली आहे.